राखेच्या बुधवारी तुमचा भाचा

ती. शिवानंद मामांस,

शांतलिंगचा एवढ्या लांबून पायाला हात. चन्नम्मा मामीचा गुडघा कसा आहे, काळी म्हैस व्याली का, अन् विहिरीवरची मोटर अजून ठसका लागल्यावानी चालती का, ते कळवा. मी इथं मेघालयात खुशाल आहे. (खुशाल म्हणजे अंगानं. डोक्याचं पुढं लिहितो.)

मामा, मी फोन कापला न्हाय. तुम्ही म्हणलात, "आमच्या शिवांजलीला ढोकीचं स्थळ आलंय, पोरगा कारखान्यात क्लार्क हाय. तू तिथं काय हाईस ते एका शब्दात सांग, न्हायतर बसव जयंती झाली की मी ढोकीला होकार कळवतो." मी 'अं' म्हणेपर्यंत रेंज गेली. इथं रेंज एका फणसाच्या झाडाखालीच येती, अन् तिथं गाय बांधलेली असती. पण खरं सांगू का, रेंज असती तरी तो एक शब्द मला सापडला नसता. म्हणून लिहायला बसलो.

मुरुमहून निघालो ते मिशनच्या जीपचा ड्रायव्हर म्हणून, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथले फादर अंतप्पा कलबुर्गीकडचे, मला कानडी येतं म्हणून त्यांनी ठेवून घेतलं. मला वाटलं, फादर म्हणजे आपल्या मठातल्या स्वामींसारखे बसून असतील, लोक पाया पडतील, मी गाडी पुसत राहीन. तर हा माणूस पहाटे प्रार्थना म्हणतो, मग गाईची धार काढतो, शाळेत गणित शिकवतो, दुपारी कुणाचा तरी दात उपटतो अन् संध्याकाळी नवराबायकोचं भांडण मिटवतो. (एकदा दात उपटता उपटताच मिटवलं. नवऱ्याला बोलता येत नव्हतं म्हणून लवकर मिटलं.) मी विचारलं, यातलं फादरचं काम कुठलं? तर म्हणले, मलाबी अजून कळलेलं न्हाय. त्यांच्या हातून उरलेलं माझ्याकडं येतं. सिस्टरांच्या दवाखान्यात सुई देताना मी लेकरं धरतो, टाकी धुतो, नाताळाच्या नाटकात मला मेंढपाळ केलं होतं, अन् डुकरांना अंघोळ घालतो. (मामीला सांगा, खात न्हाय. लिंगपूजा आधी उरकतो, डुकरं मग.) सगळ्यात कमी गाडी चालवतो, कारण ती चालत न्हाय.

आता त्या बुधवारचं ऐका. यांच्यात मोठा उपास सुरू होतो त्या बुधवारी फादर लोकांच्या कपाळाला राख लावतात. हे मला नंतर कळलं. आम्ही निघालो होतो डोंगरापल्याडच्या गावाला. फादरची बदली नवी, त्या गावानं त्यांना बघितलेलंच नव्हतं. चढावर जीप बसली. फादर झगा खोचून गाडीखाली शिरले (मला शिरू देत न्हाईत, मी जोडलेली नळी टिकत न्हाय) अन् खालूनच म्हणले, पुढं हो, सांग त्यांना मी येतोय. मला तिथली भाषा येत न्हाय हे त्यांच्या ध्यानात आलं न्हाय. माझ्याबी आलं न्हाय.

मी कसा होतो ते बघा. पांढरा सदरा, कपाळाला विभूतीच्या तीन रेघा, गळ्यात चांदीच्या करडगीत इष्टलिंग. गाव रांगेनं उभं. एक म्हातारी पुढं आली, डोळे मिटले अन् कपाळ पुढं केलं. मामा, आपल्यात कुणी असं कपाळ पुढं केलं तर माणूस काय करतो? मामीनं बांधून दिलेली विभूती खिशात होतीच. तीन बोटं लावली. तिच्यामागं दुसरा आला. त्याच्यामागं अजून. मला वाटलं, आपल्या मुलखातलं कुणीतरी इथं आधी येऊन गेलं असणार, म्हणून गावाला सगळं म्हाईत आहे. माझा ऊर भरून आला.

निम्मी रांग झाली तवा फादर वर आले, तोंडाला काळं तेल, झग्याला चिखल. लोकांनी त्यांना ड्रायव्हर समजून मागच्या दारी चहा दिला, अन् एकानं आपली बंद पडलेली मोटरसायकल दाखवली. ती चालू करून, हात धुऊन मग ते पुढं आले. मी म्हणलं, सुटली नोकरी. त्यांनी रांग बघितली, माझं कपाळ बघितलं अन् कानडीत म्हणले, "शांत्या, तुझं काम मी करतोय, माझं तू करायला लागलास. आता गाडी कोण चालवायची?" मग लोकांना समजावून त्यांनी आपली राख लावली. पण आधीची पुसायला कुणी तयार न्हाय. तीन आडव्या रेघा अन् वर एक क्रूस, असं सगळं गाव काळा चहा प्यायला बसलं. ती म्हातारी अजून मला हात जोडती अन् फादरला पंक्चर दाखवती.

तर मामा, एका शब्दात काय लिहू? क्लार्काला बरं असतं, त्याच्या खुर्चीवरच लिहिलेलं असतं.

तुमचा भाचा
शांतलिंग

ता. क. आण्णा गेल्यापासून माझ्याकडून मागणी घालायला वडीलधारं कुणी न्हाय, अन् मामा असला तरी भाच्यानं एकट्यानं मुलगी मागणं बरं दिसत न्हाय, असं शिवांजलीच म्हणली. (फणसाखाली तिचा फोन येतो. मामीला सांगू नका.) म्हणून फादरना विचारलं. ते म्हणले, एवढंच राहिलं होतं.

ता. क. दुसरा. ते रजेवर कलबुर्गीला निघालेत, वाटेत मुरुमला उतरतील. गावाला काही भलतं वाटू देऊ नका, ते फक्त मुलगी मागायला येतायत. गव्हाची हुग्गी गोड करा, त्यांना आवडती.

ता. क. तिसरा. इथलं टपाल सावकाश जातं, बहुतेक तेच आधी पोचतील. विहिरीवर कुणी झगा खोचून तुमची मोटर खोलून बसलेलं दिसलं, तर मजुरी हातावर ठेवून वाटेला लावू नका. ते आमच्याकडचे वडीलधारे आहेत. पाट मांडा.