साडेसहाचं दार

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.
या आठवड्यात दाराचा विषय संपवायचा म्हणजे संपवायचा. पुढचं दार आपोआप उघडतं. रोज संध्याकाळी साडेसहाला. लॅच टक् करून सुटतो, दार वीतभर आत येतं आणि थांबतं. कारण बिजागरी. दुसरं काहीही नाही. समोरची म्हणते, काका याच वेळेला फिरून घरी यायचे ना. यायचे. पण हे जाऊन आठ महिने झाले, आणि यांच्याकडे स्वतःची किल्ली असायची. लॅच बिघडवायचं यांना काय कारण?
सुताराला फोन केला. "येतो," म्हणाला. संपला विषय.

५ फेब्रुवारी, बुधवार
आला नाही. परवा "येतो", काल "येतो", आज "येतो येतो". आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, वचन एकदाच द्यावं. दोनदा दिलं की समजावं, एकही पाळायचं नाही.
साडेसहाला दार उघडलं. मी घाबरत नाही. समोर खुर्ची टाकून बसले होते ती केवळ निरीक्षणासाठी.

८ फेब्रुवारी, शनिवार
मुलीचा फोन. महिनाअखेरपर्यंत दार नीट झालं नाही तर ती मला तिच्याकडे घेऊन जाणार आणि या घराला कुलूप लावणार. म्हणे एकटी बाई, दाराचा भरवसा नाही, तिच्या जिवाला घोर. मी म्हटलं, घोर लावायचा तर त्या सुताराला लाव. मी या घरातून हलणार नाही. तो रोज "येतो" म्हणतो, त्याला येऊ दे.
"आई, तो 'येतो' म्हणतो म्हणजे फोन ठेवतो. 'जातो' म्हणून कुणी फोन ठेवतं का?"
मी म्हटलं, येतो म्हणजे येतो. क्रियापदाला काही अर्थ उरलाय की नाही?
ती म्हणाली, "बाबाही तेच म्हणून निघाले होते."
विषय सुताराचा चालला होता. मी फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सुतार आला. सव्वासहाला. ही काय यायची वेळ झाली? साडेसहाला दारात हत्यारं पसरून बसला असता. परत पाठवला.
मुलीला कळवलं, आला नाही. हे खोटं नव्हे. "वेळेवर आला नाही" याचा संक्षेप आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आज सकाळी दहाला आला. चपला बघूनच परत पाठवला. ज्याला पायपुसणं ओळखता येत नाही त्याला बिजागरी काय ओळखता येणार. या लोकांना काम करायचंच नसतं. उद्यापासून कडक धोरण.
साडेसहा. दार रोजच्यापेक्षा जास्त उघडलं. जिन्यात कुणीतरी दम खायला थांबल्यासारखी शांतता. मी "कोण आहे" विचारलं नाही. "चहा गार होतोय" एवढंच म्हणाले, तेही माझं मला.

२४ फेब्रुवारी, सोमवार
मुलगी न सांगता हजर, मागे सुतार. बारा मिनिटांत काम. बिजागरी ठणठणीत निघाली. खालचा डॉक्टर साडेसहाला दवाखान्याचं शटर वर करतो, भिंत हादरते, झिजलेला लॅच सुटतो. नवा बसवला. मी विचारलं, दवाखाना तर तीन वर्षांपासून आहे, मग आधी कसं उघडलं नाही? सुतार म्हणाला, उघडतच असणार.
मुलगी म्हणाली, "तेव्हा बाबाच आत यायचे ना आई. कुणाला कळणार?"
असो. आता मला कुठेही जावं लागणार नाही. मी जिंकले. निघताना सुतार म्हणाला, "येतो बाई."
मी म्हटलं, "जातो म्हण."
मुलीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला शाप दिला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ६.३०
खाली शटर वर गेलं. दार जागचं हललं नाही. उत्तम काम.
६.३५. घर कोंदट वाटतंय. नव्या लॅचचा दोष.
६.४०. उठून दार उघडलं. वीतभर. हवा खेळती राहावी म्हणून.
६.५०. समोरची कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आली. मला खुर्चीत बघून विचारलं, "काकू, कुणाची वाट बघताय?"
मी म्हटलं, सुताराची.
काल तिच्याच स्टुलावर हत्यारं मांडून त्याने लॅच बसवला होता. तरी "हो का" म्हणाली, आणि आपलं दार अगदी आवाज न करता लावून घेतलं.