‘ओव्हरटाइम’चं गाणं कोणाच्या नावे

मी, यशवंत विनायक देवस्थळी, वय एकाहत्तर, कारखान्यातून निवृत्त फिटर, राहणार अयोध्या नगर, भोपाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डोकं मात्र फिरलेलं आहे, तेही इथेच नोंदवून ठेवतो.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझा पुतण्या शार्दूल याला मिळावी. मला मूलबाळ नाही, पत्नी सुधा मागेच गेली, आणि कितीही भांडलो तरी माझी औषधं हाच आणून देतो. अट कलम ४ मध्ये आहे.

२. माझी लोखंडी शिडी आमच्या मंडळाचे जुने सेक्रेटरी दिलीपराव यांना. ती तशीही वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच आहे.

३. ट्रंकेतलं काळं बनियन सुमित्रावहिनींना, म्हणजे माझा दिवंगत मित्र काशिनाथ याच्या पत्नीला द्यावं. हे जरा सविस्तर लिहितो.

एकोणऐंशी साली आम्ही कारखान्यातल्या चौघांनी ‘ओव्हरटाइम’ नावाचा बँड काढला. गाणं काशिनाथचं, गिटार माझी. तेव्हा टी-शर्ट कुठले मिळायला! पांढरी बनियनं काळ्या रंगात उकळली आणि त्यावर काशिनाथने गाताना आ वासलेला स्वतःचाच चेहरा रंगवला. गणेशोत्सवात गाणार होतो. दिलीपरावांनी स्टेजच्या पायरीवरच अडवलं. गणपतीपुढे काळं चालणार नाही, पांढरे कुडते घाला, म्हणाले. काशिनाथ म्हणाला, “कुडता घालून आरती म्हणतो. हे गाणं नाही म्हणणार.” आणि खाली उतरला. पुन्हा कधीच चढला नाही.

दोन वर्षांपूर्वी शार्दूलने त्या बनियनचा फोटो मागितला. मला वाटलं, पोराला कौतुक आहे. कसलं कौतुक! त्याने टी-शर्टच छापले. आता एम. पी. नगरात कोचिंगला जाणारी निम्मी पोरं काशिनाथला छातीवर घेऊन हिंडतात. हा परदेशातला बँड आहे, असं एकाने मलाच समजावून सांगितलं. सुमित्रावहिनी चष्मा करायला गेल्या, तर शेजारच्या कपड्यांच्या दुकानाच्या काचेत, टी-शर्टावर नवरा. बाई तिथेच उभ्या राहिल्या. मला फोन करून एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांचं तोंड उघडं आहे, पण ऐकू काहीच येत नाही.”

कळस म्हणजे यंदा मंडळाच्या सगळ्या कार्यकर्त्यांना तेच काळे टी-शर्ट. आणि वाटले कोणी? दिलीपरावांनी, हसत हसत. मी काळ्या रंगाचं विचारलं, तर म्हणाले, आता फॅशन आहे, चालतं. ज्याच्या चेहऱ्यासाठी आज काळं चालतं, त्याच्याच अंगावर तेव्हा का चाललं नाही?

मला त्या टी-शर्टात नेऊ नये. साधा पांढरा सदरा घालावा. नाहीतर लोक म्हणतील, म्हाताराही ट्रेंडवर गेला.

४. अट. शार्दूलने मंडळाच्या स्टेजवर काशिनाथचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत गावं, आणि सुमित्रावहिनी पहिल्या रांगेत असाव्यात. तसं झालं तरच कलम १ लागू होईल, नाहीतर घर विकून सगळी रक्कम वहिनींना द्यावी. हे त्याला तोंडी सांगितलं, तेव्हा म्हणाला, “काका, गाना कौन सुनता है, लुक बिकता है.” संताप संताप झाला.

वकीलसाहेबांनी विचारलं, गाण्याची कॅसेट कुठे ठेवली आहे. कॅसेट कधी निघालीच नाही. बँडमधले बाकीचे तिघे गेले. शब्द आणि चाल फक्त मला येते, आणि हल्ली दुसरं कडवं मध्येच अडकतं.

म्हणून बाकीची कलमं माझ्यामागे पाहिली तरी चालेल. हे एक माझ्यामागे पाहून उपयोग नाही. शार्दूल, मी संध्याकाळी घरीच असतो.

सही: य. वि. देवस्थळी
भोपाळ, १४ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:
१) सुचेता परीक्षित गोरे, शेजारी
२) दिलीप केशव मुळे. यांनी कलम ३ वाचूनच सही केली आहे.