पाळण्यांच्या बागेचा नकाशा, मंजुरीसह

चंडीगड,
ता. ८ एप्रिल १९९०

तीर्थस्वरूप सौ. सुनंदाताईस,

सदाशिवचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार उभ्यानेच घातला आहे असे समज. कंबरेत उसण भरली आहे. कारण पुढे येईल.) तुझे ब्लडप्रेशर आणि भावोजींचा गुडघा दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. आम्ही चौघे येथे खुशाल आहोत. हे वाक्य पूर्वी मी सवयीने लिहून टाकत असे. हल्ली संध्याकाळी घरातली माणसे मोजतो, चार भरली की मग लिहितो.

तर मे महिन्यातल्या सहलीबद्दल. तुमच्या बोरिवलीच्या खाडीपलीकडे झालेल्या त्या पाळण्यांच्या बागेचे तू दिवाळीत लिहिलेस, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. हेरंब पाच वर्षांचा आहे, त्याला आकाशपाळणा म्हणजे विमानच वाटते. उल्का नऊ वर्षांची झाली तरी तिने अजून एकही जत्रा पाहिलेली नाही, कारण ती कळती झाल्यापासून इथे बाँब आणि गोळीबाराच्या भीतीने गर्दीच्या जागी मुलांना कोणी नेत नाही. मागच्या वर्षी दिल्लीला नेतो म्हटले होते, तर आदल्या दिवशी बंद पुकारला. त्याआधी पिंजोरच्या बागेत न्यायचे ठरले, तेव्हा आमच्या साहेबांनी सगळ्यांच्या रजा रद्द केल्या. दोन्ही वेळा उल्का रडली नाही. "कोई बात नहीं, पापा," म्हणाली आणि नवा फ्रॉक आपल्या हाताने घडी घालून कपाटात ठेवून आली. ताई, नऊ वर्षांच्या पोरीने एवढे समजूतदार असू नये. तिने हातपाय आपटावे, भोकाड पसरावे, मला बोल लावावेत. म्हणून या वेळी काहीही झाले तरी मुलांना तिथे पोचवायचेच, असे मी ठरवले आहे. बदलीचे म्हणशील तर अर्ज दोनदा वर गेला आणि दोनदा खाली आला. सरकारी खर्चाने प्रवासाची सवलत मात्र शिल्लक आहे.

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. (मिरजेला आपण नदीवर पोहायला जायचो तेव्हा मी आधी काठाचे चित्र काढायचो आणि तोवर तुम्ही पोहून परत यायचात.) त्यातून अठरा वर्षे आरेखकाची नोकरी. ज्या जागेचा नकाशा नाही तिथे मुलांना न्यायचे, हे मनाला पटेना. म्हणून भावोजींना मी सविस्तर माहिती विचारली. ते ऑफिसच्या मंडळींबरोबर तिथे जाऊन आले आहेत, हे एक मोठेच सहकार्य. त्यांनी पाठपोट आंतर्देशीय पत्र भरून माहिती पाठवली. तिच्यातला निम्मा भाग बटाटेवड्यांविषयी होता, आणि 'उलट्या पाळण्यावरून उतरल्यावर दिशांचे भान राहिले नाही' असे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले होते. तरी त्यावरून मी नकाशा तयार केला. प्रमाण धरले एका सेंटिमीटरला भावोजींची पन्नास पावले. (गुडघा दुखायच्या आधीची की नंतरची, हे त्यांनी लिहिले नाही, त्यामुळे थोडी चूक संभवते.) लाँचचा धक्का, फाटक, भुताचे घर, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळे आले. बाहेर पडायचे रस्ते लाल शाईने दाखवले, पहारेकऱ्यांच्या जागा अंदाजाने, गर्दी कुठे दाटेल ते तिरप्या रेघांनी, आणि ताटातूट झाल्यास कोणी कुठे जमायचे तिथे एक ठळक फुली. वर मथळा दिला 'संकटकालीन मार्ग'. खाली उजव्या कोपऱ्यात आमच्या खात्यात असतो तसा चौकोन केला: आरेखन, तपासणी, मंजुरी. आरेखनासमोर माझी सही. तपासणीसमोर रागिणीची घेतली. (ती पोळ्या लाटत होती, न पाहताच सही केली, पिठाचा डाग अजून आहे.) मंजुरीची जागा रिकामी ठेवली, कारण घरात मंजुरी नेमकी कोणाची हे आम्ही आजवर ठरवलेले नाही.

प्रत्येकाजवळ एक प्रत असावी म्हणून मंगळवारी ऑफिसातल्या यंत्रावर चार प्रती काढल्या, मूळ नकाशासकट आमच्या नेहमीच्या पत्र्याच्या नळकांड्यात घातल्या, ते पाठीला अडकवले आणि सायकलवरून घरी निघालो. ताई, मी अठरा वर्षे असाच जातो. पण आमच्या रस्त्यावर नवा तपासणी नाका बसला होता आणि नाक्यावरचे जवान त्या सकाळीच नवे आलेले होते. त्यांना दुरून काय दिसले असेल ते मला आता कळते: सूर्यास्ताची वेळ, मान खाली घालून भरधाव येणारा सायकलस्वार, आणि त्याच्या खांद्यावरून वर डोकावणारी लोखंडी नळी. मला थांबायला सांगितले, ते मी थांबलो. हात वर करायला सांगितले, तेही केले, आणि सायकल माझ्या पायावर पडली.

नळकांड्यातून बंदूक निघाली नाही याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण निघाले काय, तर एका मोठ्या सार्वजनिक जागेचा नकाशा, त्यात गर्दीच्या जागा, पहारेकरी, पळायच्या वाटा आणि एक ठळक फुली, आणि हे सगळे चार प्रतींत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मला पकडले असते. अदबीने जीपमध्ये बसवून ठाण्यात नेले. तिथल्या बाकावर साडेतीन तास बसलो. (उसण ती इथली. बाकाच्या एका पायाखाली वीट आहे, दुसऱ्याखाली नाही.)

ठाणेदार बलकार सिंग म्हणून एक प्रौढ गृहस्थ होते. डोळ्यांखाली काळे, दाढी पांढरी होत आलेली, आवाज अगदी शांत, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. ही झोपाळ्यांची बाग आहे हे मी त्यांना हिंदीत तीनदा सांगितले. तिन्ही वेळा ते मान हलवून पुन्हा त्या कोपऱ्यातल्या चौकोनाकडे वळले. काढला तुम्ही, ठीक. तपासणारी ही रागिणी कोण? आणि मंजुरी देणारा कोण, त्याची जागा रिकामी का? मी खरे तेच सांगितले की ते अजून ठरलेले नाही. यावर कोपऱ्यातल्या हवालदाराने वहीत काहीतरी बराच वेळ लिहिले. बाहेर अंधार पडू लागला होता. आपण घरी पोचलो नाही म्हणजे तिकडे रागिणी तिसरा माणूस मोजून थांबली असेल, एवढेच माझ्या डोक्यात होते. तिला बोलावणे पाठवले तेव्हा, खोटे कशाला सांगू, मला रडू आले.

रागिणी मुलांना घेऊनच आली, कारण शेजारच्या कृष्णा आंटी गावाला गेल्या आहेत. तिने सही ओळखली, पिठाचा डाग ओळखला, आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर नकाशात दाखवता येणार नाही. तरी ठाणेदारसाहेबांचे पुरते समाधान होईना. तेव्हा उल्का पुढे झाली. टेबलावर नकाशा पसरला होता, त्यावर बोट ठेवून तिने पाठ म्हटल्यासारखे सगळे सांगितले. गोळी चालली तर आधी जमिनीवर झोपायचे. मग या लाल रस्त्याने निघायचे, फाटकाकडे जायचे नाही, तिथे चेंगराचेंगरी होते. हेरंबचा हात मी धरणार, त्याने चप्पल सुटली तरी वाकायचे नाही. कुठे बेवारशी पिशवी दिसली तर हात लावायचा नाही. मम्मी-पापा दिसले नाहीत तर फुलीपाशी शंभरपर्यंत मोजायचे, आणि तरी आले नाहीत तर लाँचवर चढून आत्याकडे जायचे. पत्ताही म्हणून दाखवला, इमारतीच्या नावासकट.

वहीत लिहिणाऱ्या हवालदाराने लिहिणे थांबवले. ठाणेदारसाहेबांनी तिला जवळ बोलावले आणि विचारले, "वो तो ठीक है पुत्तर. पर झूले पे कब बैठना है?"

उल्काने नकाशा वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "अंकल, वो पापा ने नहीं बताया।"

ताई, खरेच मी ते कुठे लिहिले नव्हते. कोणत्या पाळण्यात आधी बसायचे, कोणत्यात दोनदा बसायचे, आइस्क्रीम कुठे खायचे, यातले एक अक्षर त्या नकाशात नव्हते. मजेच्या जागेचा मी नकाशा काढला आणि त्यात फक्त पळून जायची सोय केली. मी मुलांना काय शिकवले आहे ते त्या दिवशी परक्या माणसांसमोर ऐकले आणि मला माझी फार लाज वाटली.

ठाणेदारसाहेबांनी आम्हाला चहा पाजला, मुलांना बिस्किटे दिली. लोक पैसे देऊन भुताच्या घरात घाबरायला जातात हे त्यांना खरे वाटेना. दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग नकाशावर मंजुरीच्या रिकाम्या जागी त्यांनी 'देखा' असे लिहून सही केली आणि वर ठाण्याचा शिक्का मारला. असा शिक्का असलेला कागद बरोबर घेऊन पाळण्यात बसायला जाणारे हिंदुस्थानात आपलेच कुटुंब असावे. नळकांडे मात्र त्यांनी ठेवून घेतले. पुन्हा पाठीला लावू नका, म्हणाले, पुढच्या वेळी नाक्यावर विचारतीलच असे नाही.

आम्ही ता. ६ मे रोजी बोरिवलीस उतरू. भावोजींनी स्टेशनवर येण्याची दगदग करू नये, पत्ता पाठ असलेली मुलगी बरोबर आहे. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि मधल्या वयाच्यांनी आपापले पाहून घ्यावे.

तुझा धाकटा भाऊ,
सदाशिव

ता. क. भुताच्या घराला मागच्या बाजूने दार आहे की नाही, एवढे भावोजींना विचारून कळव. (सवय जात नाही.)

ता. क. दुसरा. वरचे सगळे लिहिले ते हे लिहायचे धाडस होईना म्हणून. ताई, सहल झाल्यावर मुलांना आणि रागिणीला तू ठेवून घेशील का? जूनमध्ये तिथल्या शाळेत नावे घालता येतील. दाखले मी मागितले आहेत, येत्या आठवड्यात मिळतील. जागा लहान आहे, तुझी तब्येत बरी नसते, हे सगळे मला दिसते आहे आणि तरी विचारतो आहे. उल्का मराठी हिंदीसारखे बोलते, तिला हसू नका. थोड्या दिवसांनी ती हट्ट करायला लागली तर मला ताबडतोब पत्राने कळव. जाण्याची तिकिटे चार काढली आहेत, परतीचे एकच. रागिणीला अजून सांगितलेले नाही. तिथे आल्यावर तू सांग, तुझे ती ऐकते.

ता. क. (रागिणीचा.) ताई, सा. नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले होते. ह्यांची पत्रे मी वाचल्याशिवाय कधीच चिकटवत नाही, हे बारा वर्षांत ह्यांच्या लक्षात आलेले नाही. मुलांना ठेवून घ्या. नाही म्हणू नका, मी पदर पसरते. उल्काला झोपताना दिवा लागतो आणि हेरंबला वरणात गूळ. मी मात्र परत येणार. आज दुपारी आरक्षणाच्या खिडकीवर जाऊन ह्यांच्या शेजारची जागा घेऊन आले. ह्यांना अजून सांगितलेले नाही.