न वाचता पाठवलेलं ओके

तीर्थरूप आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांचं सगळं आटोपून परतलो आणि कामावर लागलो. कारखान्यात मी नळ तपासतो, खोक्यावर ‘ओके’चा शिक्का मारतो. इथे सगळ्यालाच ओके. आलो, समजलं, पुरे कर, निघतो, सगळं त्या एकाच शब्दात. काल मुकादमाला माझ्या खोक्यात गळका नळ सापडला. म्हणाला, “न बघताच ओके मारलास ना रे, शहाण्या?” सगळे हसले. मला मान वर करवेना.

बाबा तुला काही बोलले होते का, असं तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. त्यांच्या लांबलचक मेसेजना मी न वाचताच ओके पाठवायचो. शेवटच्या मेसेजमध्ये मागच्या दाराचं कुलूप बदलल्याचं होतं. त्याखाली, “छातीत जरा दुखतंय. एकदा फोन कर. आईला सांगू नकोस.” त्यावरही माझं ओकेच आहे. ते गेल्यावर मी तो पहिल्यांदा वाचला.

हवं तेवढं रागव, पण मला लिही. थोडक्यात लिहू नकोस. कुलपाचं, गुडघ्याचं, सगळं लिही. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन.

तुझा,
धाकटा