डावा खांदा

आईस,
तुझ्या भटक्या तिसाउकेचा गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार.

इथे मक्याची न्शिमा पोटभर मिळते, काळजी नको. करडी शेळी व्यायली का? हां, वनरक्षकाच्या परीक्षेचं सांगायचं होतं. नेमबाजीत माझ्या गोळ्या सारख्या डावीकडे जात होत्या. आज आमच्या प्रशिक्षक झुलूबाईंनी मला दोन तळहातांच्या फटीतून त्यांच्याकडे बघायला लावलं आणि त्या हसल्या, "अरे गाढवा, तुझा डावा डोळा मालक आहे, नेम तोच धरतो! बंदूक डाव्या खांद्याला लाव."

डाव्या हाताने शेंगदाणे घेतले तरी तू फटका मारायचीस. उद्या शेवटची संधी आहे, चुकलो तर घरी पाठवतील. तरी डावीकडूनच झाडणार.

रागावू नकोस. हे पत्र उजव्या हातानेच लिहिलंय.

तुझाच,
तिसाउके