तापीबाईनं अडवलेले शेतकरी

लोणखेडा,
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

ती. मोतीलालदादास,
धाकट्या हेमराजचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. मोहिनीच्या गुडघ्याची सूज उतरली; माझ्यावर देखरेख ठेवण्याइतकी ती पुन्हा फिरू लागली आहे. तुझी कापसाची पहिली वेचणी झाली, असं बाजारात कळलं.

तुझं सारंगखेडा इथून हाकेवर, आणि हा पत्र काय लिहितो म्हणून हसशील. हस. पण कालची गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. फोनवर तू मधेच "बरं, बरं" करतोस आणि माझा मुद्दा निसटतो. कागदावर क्रमानं सांगता येतं, आणि या गोष्टीत क्रमच महत्त्वाचा आहे.

दादा, काल माझ्या कॉम्प्युटरच्या वर्गात आम्ही दोन हजार शेतकरी उभे केले! एकाही माणसाला न बोलावता!

आपल्या शेतकरी कंपनीच्या जिनिंग मिलवर या साली लाभपंचमीपासून कापसाच्या गाडीचा नंबर मोबाइलवरून लागणार आहे. ट्रॅक्टरवर कांबळ पांघरून रांगेत झोपणं बंद. सकाळी आठला नंबर उघडले की सगळा तालुका एकदम बोट दाबणार. तेव्हा साइट तग धरेल का, हे आधी बघावं लागतं. त्याला लोड टेस्टिंग म्हणतात. त्यात संगणकच शेतकऱ्यांचं सोंग घेतात. साइट बनवणारी पोरगी पुण्यात बसून हुकूम देणार आणि माझ्या वर्गातले अठरा संगणक तिच्या साइटवर तुटून पडणार, असं ठरलं. अठरा संगणक एकसारखे नीट चालतात असं दुसरं ठिकाण जवळपास नाही. हे मी म्हणत नाही, कंपनीचा चेअरमन रूपचंदभाऊ म्हणतो.

रविवार, वर्गाला सुट्टी. रूपचंदभाऊ आणि संचालक नवल पोरांच्या बाकांवर चहा घेत बसलेले. पोरगी फोनच्या स्पीकरवर. दहा शेतकरी सोडले, साइट उभी. तीस सोडले, उभी. तीनशे सोडले आणि पडद्यावर लालच लाल ओळी. दहांतले नऊ शेतकरी नकार घेऊन परत.

"हेमराज, हाई त पडी गयी!" रूपचंदभाऊ उभाच राहिला.

"मी पहिलेच सांगेल व्हतं," नवल म्हणाला. "हाई काम पोरनं नही. नासिकवाल्याले फोन लावा."

करारात तसंच होतं. दोन हजारांचा भार सोसला नाही, तर काम तिच्याकडून काढून नाशिकच्या माणसाला द्यायचं. तिचं स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच काम.

पोरगी मात्र शांत. "काका, तुमची प्रॉक्सी बंद केली होती ना?"

प्रॉक्सी म्हणजे काय, तेही सांगतो. माझ्या वर्गातले संगणक इंटरनेटवर स्वतः जात नाहीत. कोपऱ्यात एक संगणक आहे, त्याला सांगतात. तो बाहेर जाऊन हवं ते आणून देतो. तो मधला म्हणजे प्रॉक्सी. एका वेळी थोड्यांनाच बाहेर सोडायचं, असं मी त्याला बजावून ठेवलंय. नाहीतर पोरं टायपिंग सोडून सिनेमे बघतात.

"केली बंद," मी म्हटलं. "सकाळीच. अठराही संगणकांवर."

"नक्की?"

"मी केली म्हणजे केली. तू तुझा सर्व्हर बघ."

"बघतेय. तो निवांत बसलाय, काका. तीनशेतले तीसच इथवर पोचले. बाकीच्यांना कोणीतरी वाटेतूनच परत पाठवतंय."

"मास्तर," नवल म्हणाला, "पोर तुमलेच शिकाडी ऱ्हायनी."

पोर मला शिकवणार म्हटल्यावर माझे कान तापले. कोणाच्याही हाताखाली न शिकता मी ही यंत्रं खोलली आणि जोडली, हे तू जाणतोस. तिला ऐकवायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "परत आलेलं एक पान उघडा. अगदी खालची ओळ मोठ्यानं वाचा." पान ज्या संगणकानं पाठवलं, त्याचं नाव तिथं असतं. मी चष्मा लावला आणि वाचलं.

"तापीबाई."

रूपचंदभाऊ माझ्याकडे बघतोय, नवल छताकडे. फोनवर ती खुदकन हसली. "म्हणजे साइट पडलीच नाही, काका. तुमच्या शेतकऱ्यांना आजीनं दारातच अडवलं!"

आता तुला कळलं असेल, ती पोरगी कोण. हो, आपली सीमा. दादा, पत्र खाली ठेवू नकोस. दुरुस्ती अजून सांगायची आहे.

कोपऱ्यातल्या संगणकाला मी आईचं नाव दिलंय. विचारल्याशिवाय ती तरी कोणाला उंबरा ओलांडू देत होती? सीमा लहानपणी सुट्टीत इथं यायची, म्हणून तिला ते माहीत होतं. तुला सांगायचं राहून गेलं.

तर चूक अशी. मी प्रॉक्सी बंद केली ती ब्राउझरमध्ये. पण शेतकऱ्यांचं सोंग घेणारा प्रोग्रॅम ब्राउझरला विचारतच नाही. त्याची सेटिंग वेगळी, विंडोजच्या पोटात. सीमा म्हणाली, पुसून टाका. मी म्हटलं, पुसायची नाही, उद्या वर्ग आहे. फक्त तुझ्या साइटचं नाव अपवादात घालतो. तेवढ्यापुरते संगणक थेट जातील, बाकी सगळं आईच्या हुकमात. "हे बेस्ट, काका," ती म्हणाली. शब्द तिचेच आहेत.

अपवाद घातला, चालवलं, पुन्हा लाल! नवल खिशातून मोबाइल काढून नाशिकचा नंबर शोधायला लागला. आणि मग मी इकडून, ती तिकडून, एकदमच ओरडलो: प्रोग्रॅम ही सेटिंग सुरू होतानाच वाचतो! बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय त्याला नवं काही कळत नाही. या वयात मी अठरा खुर्च्यांमागून पळालो, दादा.

तीनशे, उभी. आठशे, उभी! सोळाशेला साइटला धाप लागली, उत्तरं रेंगाळू लागली. हा मात्र साइटचा खरा दोष होता, आणि खरा दोष सापडला याचा मला केवढा आनंद झाला! सीमानं तिकडे काहीतरी बदललं. काय, ते मला अजून पूर्ण समजलेलं नाही. तिला विचारून घेणार आहे. मग दोन हजार. लाल ओळ एकही नाही! रूपचंदभाऊनं बाकावर अशी थाप मारली की चहा नवलच्या पायजम्यावर. नवल झटकत म्हणाला, "आते मन्हा नंबर पहिला लावा."

हे काम तिनं स्वतः मिळवलंय. मी कुठं शब्द टाकला नाही. ती तुझी मुलगी हे रूपचंदभाऊला ठाऊक होतं, आणि पुतणी म्हणून सूट मिळणार नाही असं त्यानं मला आधीच बजावलं होतं.

ते दोघं गेले तरी फोन चालूच होता. ती म्हणाली, "काका, लाभपंचमीला मी येतेय. बाबा येतील?"

साखरपुडा मोडून ती पुण्याला गेली, त्याला तीन वर्षं झाली. फोनवर तिचं नाव निघालं की तू फोन ठेवतोस. म्हणून हे पत्र. क्रमाचं वगैरे वर लिहिलं ते खरं, पण निम्मंच खरं. पाहुण्यांसमोर त्या दिवशी तुझी मान कशी खाली गेली, ते मी शेजारी उभा राहून पाहिलंय. ते मी लहान समजत नाही. पण काल सगळं लाल झालं तेव्हा तिनं आवाज चढवला नाही, कोणावर ढकललं नाही. "बघतेय" म्हणाली आणि बघत राहिली. ही रीत माझी नव्हे. मी आधी भांडतो. ही तुझी. वीज गेली, मोटर बंद पडली की तू असाच उभा राहून बघतोस.

तिनं विचारलं तेव्हा मी म्हणायला हवं होतं, विचारून सांगतो. एरवी शब्द तोलून देणारा मी, "येईल" म्हणून बसलो. तिनं खात्री करून घेतली, "खरंच, बाबा म्हणाले?"

मी हो म्हटलं.

लाभपंचमी रविवारी, २६ तारखेला. पूजा जिनिंगवर, सकाळी साडेसातला. यायचं असलं तर नुसता ये. बोलणं सुचलं नाही तर नंबर कसा लावायचा तेवढं तिला विचार. फार छान समजावून सांगते. यायचं नसलं तर मला कळवू नकोस, तिला तूच सांग. तिला दुसऱ्यांदा काही सांगायला माझी जीभ वळणार नाही.

जसोदावहिनीस नमस्कार.

तू न दिलेला शब्द देऊन बसलेला,
तुझा धाकटा
हेमराज