नाव न गाळलेला लेख

वेलबर्न, आयोवा
७ सप्टेंबर १९१०

प्रिय ऑगस्टा,

तुझं मागच्या आठवड्यातलं पत्र मिळालं. मुलांचा खोकला गेला, बरं वाटलं. आमच्याकडे टोमॅटो इतके आलेत की दोन दिवस बरण्याच भरतेय.

क्लबात मी काय केलं ते तुझ्या कानावर आलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक. सहा वर्षं या महिला क्लबात मी कविता वाचल्या, गावच्या वर्तमानपत्रात केकच्या कृती लिहिल्या. या उन्हाळ्यात गिरणीच्या वस्तीतली चार तान्ही मुलं जुलाबाने गेली. डॉक्टर म्हणाले, दुधामुळे. तेव्हा क्लबाने आम्हा तिघींना वस्तीला दूध पुरवणारा गोठा बघायला पाठवलं. पाहिलं ते मी लिहिलं. गाई शेणात बसलेल्या, बाटल्या ओढ्याच्या गढूळ पाण्यात विसळलेल्या.

अध्यक्षीणबाई मिसेस हॅदर्ली म्हणाल्या, "छान उतरलाय लेख, विल्मा. गोठ्याचं नाव तेवढं गाळ."

"मग लोकांनी कुणाचं दूध बंद करायचं?"

"अगं, तुझ्या बहिणीचा नवरा आहे तो."

"म्हणून मी गप्प बसायचं?"

गुरुवारी मी उभी राहिले आणि नावासकट वाचलं. ऑरिन केसलर. नऊ जणी उठून गेल्या. चौदा बसून राहिल्या. दूधतपासणी सक्तीची करा म्हणायला त्या चौदाजणी येत्या सोमवारी माझ्याबरोबर नगरपालिकेत येताहेत.

ऑरिनचा निरोप आला. माफी मागेपर्यंत तुमच्या फाटकात पाऊल टाकायचं नाही म्हणे. मी मागणार नाही.

इथेच पत्र संपवणार होते. पण जुलैत तुझ्याकडे आले होते, तेव्हा धाकट्याला तू शेजारच्या डनलॅपांकडून आणलेलं दूध पाजत होतीस. मी विचारलं, तर म्हणालीस, "याला आपलं मानवत नाही." घरात चाळीस गाई, आणि लेकराला दुसऱ्यांचं दूध. तेव्हा मी हसले. गोठा पाहिला आणि हसू गेलं. तुला ठाऊक होतं, ऑगस्टा.

हे मी लेखात लिहिलं नाही. लिहिणारही नाही. ते तू सांगायचंस, तुझ्या तोंडाने. सोमवारी सकाळी दहाला सभा आहे.

तू आलीस तरी, नाही आलीस तरी तिथे उभी राहणारी,
तुझी बहीण
विल्मा